गिटारच्या मानेत बाबांचा स्ट्रायकर

आमच्या चाळीत सव्वीस जानेवारीला सत्यनारायणाची पूजा असते. सकाळी झेंडा, दुपारी कथा, मग प्रसादाचा शिरा, आणि संध्याकाळी चौकात चाळीतल्या कलाकारांचा कार्यक्रम. या कार्यक्रमात मी काय काय पाहिलंय. एकाने तोंडाने सनई वाजवली. एकाने अकरा मिनिटं निरनिराळ्या कोंबड्यांचे आवाज काढले. तळमजल्यावरच्या एका काकूंनी साठाव्या वर्षी शीर्षासन केलं आणि त्यांना सरळ करायला चौघीजणी लागल्या. या सगळ्यांना बोलावणं आलं, मला मात्र पंचवीस वर्षांत एकदाही आलं नाही. कारण मी इलेक्ट्रिक गिटार वाजवते.

गिटारमुळे माझं लग्न राहिलं असं आईचं ठाम मत आहे. शेजाऱ्यांचं मत काही याहून सौम्य नाही. इलेक्ट्रिक गिटारला वायर लावली नाही तर तिचा आवाज डासाएवढा येतो, हे मी त्यांना किती वेळा सांगितलं असेल. पण गिटार घेऊन मी खुर्चीत बसले आणि खुर्ची करकरली की शेजारच्या काकू भिंतीवर लाटणं आपटायच्या. कित्येकदा मी नुसती मोजे घालायला बसलेली असे.

म्हणून गेल्या जानेवारीत पूजा समितीचे अध्यक्ष स्वतः दारात येऊन उभे राहिले तेव्हा मी भांडणाच्या तयारीनेच उठले. तर ते म्हणाले, कोंबड्यांचे आवाज काढणारा विरारला राहायला गेलाय, वीस मिनिटं मोकळी पडलीत, तू वाजवतेस का. अटी तीन होत्या. एक भक्तिगीत हवं, एक देशभक्तीचं हवं, आणि तिसरं "तुझं काय ते" वाजव, पण छोटं. कोंबड्याच्या जागी का होईना, बोलावणं ते बोलावणं. मी हो म्हटलं, दार लावलं आणि माझे डोळे भरून आले. शेहेचाळीस वर्षांच्या बाईने चाळीच्या पूजेसाठी रडावं याचा मला रागही आला.

बाबांनी आतून विचारलं, "कोण इल्लो?"

"अध्यक्ष," मी म्हटलं.

"हरलेलो," बाबांनी दुरुस्त केलं.

आमच्या घरात अध्यक्षांना दुसरं नाव नाही. दोघे एकाच मिलमधले. बाबा मालवणकडचे, मेंटेनन्सला फिटर. अध्यक्ष साताऱ्याकडचे, विणाई खात्यात. मोठ्या संपाच्या आदल्या वर्षी मिलमध्ये कॅरमची स्पर्धा झाली, त्यात फायनलला हे दोघे आले आणि बाबा एका पॉइंटने जिंकले. मॅनेजरसाहेबांनी बक्षीस म्हणून एक स्ट्रायकर दिला. तो हस्तिदंती आहे, असं बाबा तेव्हापासून सांगत आले. मी पहिलीत होते तेव्हा साहेबांनी तो नुसता दिला होता. मी चौथीत गेले तेव्हा तो साहेबांनी विलायतेहून आणलेला झाला. मी दहावीला बसले तोवर साहेबांनी तो स्वतःच्या खिशातून काढून, डोळे पुसत दिला होता, आणि हत्ती आफ्रिकेतला होता.

हा स्ट्रायकर कपाटाच्या लॉकरमध्ये आईच्या मंगळसूत्राशेजारी, कानातल्यांच्या मखमली डबीत असे. त्याने बाबा कधी एक डावही खेळले नाहीत. अध्यक्षांनी सुरुवातीला दोनचारदा पुन्हा खेळूया म्हणून निरोप पाठवला, तर बाबा म्हणाले, हस्तिदंत परत परत बाहेर काढायचं नसतं. मग मिल बंद पडली. बाबांचे हात थरथरायला लागले, बोर्ड चादरीत गुंडाळून कपाटावर गेला, आणि एकाच मजल्याच्या दोन टोकांना राहून हे दोघे पुन्हा बोर्डाला समोरासमोर बसले नाहीत ते नाहीतच. आईला वेगळीच काळजी. हस्तिदंत घरात ठेवणं गुन्हा आहे हे तिने पेपरात वाचलेलं, त्यामुळे स्ट्रायकरचं नाव निघालं की ती खिडकी लावून घ्यायची. बाबा गॅस सिलेंडर घेऊन येणाऱ्यालासुद्धा ती गोष्ट सांगायचे.

तर मी हो म्हटलं आणि त्याच संध्याकाळी सरावाला बसले. तिसरी तार मोकळी छेडली की झणझण करत होती. बोट ठेवून वाजवली की साफ, मोकळी सोडली की पत्र्याच्या डब्यात माशी अडकल्यासारखी. गेलं वर्षभर ती थोडी कुरकुरत होतीच, पण माझ्या एकटीसाठी मी ते चालवून घेतलं होतं. चाळीपुढे चालणार नव्हतं. भक्तिगीतात मोकळी तिसरी तार दर दुसऱ्या ओळीला येत होती.

दोष नटचा होता. गिटारच्या मानेच्या टोकाला, खुंट्यांच्या अलीकडे, बोटाच्या दोन पेरांएवढी एक पांढरी पट्टी असते, तिला नट म्हणतात. तिच्यावर सहा खाचा, सहा तारा त्यातून जातात. वर्षानुवर्षं तार घासून घासून खाच खोल जाते, तार खाली बसते आणि पुढच्या धातूच्या पट्टीला टेकून झणझणते. एवढंच. पण तेवढ्यासाठी अख्खी गिटार वाया.

ऑफिसातून अर्धी सुट्टी टाकून मी गिटार गिरगावात घेऊन गेले. तिथे एक दुरुस्तीवाले आहेत, त्यांच्याकडे बाजाच्या पेट्याही येतात आणि गिटारीही. गृहस्थ वाद्याशी बोलतात, गिऱ्हाइकाशी फारसं नाही. त्यांनी गिटारला विचारलं, "कोणी एवढं घासलं तुला?" आणि माझ्याकडे न बघता सांगितलं की दोन मार्ग आहेत. तयार प्लास्टिकचा नट आहे, चहा येईपर्यंत बसवून देतो. किंवा हाडाचा, तो हाताने घडवावा लागेल, लग्नसराईच्या पेट्या रांगेत आहेत, दहा दिवस. मी विचारलं, चांगला कुठला. ते म्हणाले, "प्लास्टिक म्हणजे प्लास्टिक."

एवढं पुरे होतं. पंचवीस वर्षांनी बोलावणं आलंय आणि मी प्लास्टिक लावू? मी म्हटलं, हाडच. पण सव्वीस जानेवारीला आठच दिवस होते. ते म्हणाले, मग फेब्रुवारीत या. जाता जाता त्यांनी ज्ञान दिलं की या धंद्यात गिऱ्हाइकाला फसवता येत नाही. हाड घासताना दाताच्या डॉक्टरकडे येतो तो वास येतो, हस्तिदंताचाही तोच. प्लास्टिक घासलं की कंगवा जळल्याचा. नाक असलं की झालं. मी मान डोलावली आणि नादुरुस्त गिटार व शाबूत बाणा घेऊन घरी परतले.

हाडाचं काय मोठंसं, ते तर आमच्याकडे दर रविवारी ताटातून परत जातं. त्या रविवारी मी मटणातली चांगली जाड नळी बाजूला काढली, घासली, सोडा घालून उकळली. घरभर जो वास सुटला त्याने आईने देव्हाऱ्याला पडदा लावला. नळी खिडकीच्या कठड्यावर वाळत ठेवली आणि गिरगावात फोन केला. ते म्हणाले, पंधरा दिवस कडक उन्हात वाळवा, नाहीतर सडेल. मी फोन ठेवून वळले तर कठडा रिकामा होता आणि समोरच्या पिंपळावर एक कावळा बसून गंभीरपणे नळी तपासत होता.

मग मी मोबाइलवर शोधलं. तिथे एका गृहस्थाने दाखवलं होतं की खोल गेलेल्या खाचेत खाण्याचा सोडा भरायचा, वर झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा थेंब सोडायचा, दगडासारखं घट्ट होतं, मग हवी तेवढी खाच पुन्हा पाडायची. पाच मिनिटांचं काम. मी सोडा भरला, थेंब सोडला. तार नीट बसते का ते बघावं म्हणून, सुकायच्या आधीच, तार खाचेत ठेवली.

तार अजून तिथेच राहिली असती. मी ओढली, पिळली, शिव्या दिल्या. कानस घेऊन नट बाजूने घासायला गेले तर कंगवा जळल्याचा वास आला, म्हणजे मूळचा नटही प्लास्टिकचाच होता आणि मी पंचवीस वर्षं त्यावर समाधानी होते. शेवटी स्क्रूड्रायव्हर लावून वरून बत्त्याचा एक टोला दिला. तार सुटली. नटचे दोन तुकडे झाले, त्यातला एक आईच्या डाळीत पडला.

बाबा कॉटवर बसून हे सगळं बघत होते. मग म्हणाले, "फिटराच्या चेडवाचां ह्यां काम?" चेडू म्हणजे मुलगी.

मला रडूच कोसळलं. कार्यक्रम चार दिवसांवर, गिटार मोडलेली, आणि अध्यक्षांना नाही म्हणून सांगायचं तर पुन्हा पंचवीस वर्षं कोणी विचारणार नाही. बाबांनी तुकडे हातात घेतले, उलटसुलट केले आणि विचारलं की हा कशाचा लागतो. मी डोळे पुसत दुरुस्तीवाल्यांच्या थाटात म्हणून गेले, "प्लास्टिक नाही चालत. हाड पाहिजे, नाहीतर हस्तिदंत."

बोलले आणि जीभ चावली, पण बाबांनी काही ऐकल्याचं दाखवलं नाही. त्यांनी फक्त कॉटखालची हत्यारांची पेटी पुढे ओढली आणि जुन्या नटचे दोन्ही तुकडे जोडून मोजले. दीड इंच आणि अर्धा सूत. इंचाचा आठवा भाग तो सूत, बाबांचं सगळं आयुष्य सुतात मोजलेलं आहे. मग ते झोपले.

सकाळी चहा झाल्यावर ते उठले, लॉकर उघडला आणि मखमली डबी माझ्यापुढे ठेवली. "कापया," म्हणाले.

आईने खिडकी लावली. मी नाही म्हटलं. मी चक्क ओरडले की मला नको, मी वाजवणारच नाही. या माणसाकडे पेन्शन नाही, मिलची जागा नाही. लोअर परळला त्या मिलच्या आवारात आता काचेचं ऑफिस आहे आणि तिथे मी कामाला जाते. उरलंय काय तर एक स्ट्रायकर आणि त्याची गोष्ट. तो कापायचा म्हणजे मी कोण लागून गेले. पण बाबांनी डबी उघडली आणि म्हणाले, "लॉकरात बसान वाजाचो नाय तो."

मी स्ट्रायकर हातात घेतला. जन्मात पहिल्यांदा. पिवळसर, गुळगुळीत, सुंदरच होता. उजेडाकडे धरला तर कडेने एक बारीक रेघ दिसली, सगळीकडून एकसारखी फिरलेली, साच्यातून काढलेल्या साबणाच्या वडीला असते तशी. हत्तीच्या दाताला साचा नसतो.

आता मला कापायचं नव्हतं ते वेगळ्याच कारणाने. कानस लागली की वास सुटणार, आणि तो दाताच्या डॉक्टरकडचा नसणार. बाबांना तो कळणार नव्हता. मिलमधल्या कापसाच्या धुळीने त्यांचं नाक कधीच गेलंय, दूध करपलं तरी त्यांना आईच्या चेहऱ्यावरून कळतं. पण बाकी सगळ्या जगाला नाक होतं. मी म्हटलं ठीक आहे, आत कापू, दार लावून. बाबा म्हणाले, आत उजेड नाही, बाहेर गॅलरीत कापायचं. खरं कारण उजेड नव्हतं, हे मलाही कळत होतं. त्यांना बघायला माणसं हवी होती.

माणसं कमी पडली नाहीत. बाबांनी गॅलरीतल्या बाकाला वाइस, म्हणजे वस्तू पकडून ठेवायचा लोखंडी शिकंजा, आवळला, आणि आमच्याकडे हस्तिदंत कापतायत ही बातमी वाइस घट्ट होण्याच्या आधी तिसऱ्या मजल्यावर गेली. लाटणंवाल्या काकू पुढेच उभ्या. मागून खोकत खोकत अध्यक्षही आले आणि कठड्याला टेकून उभे राहिले. चाळीस वर्षांहून जास्त ज्याचे टोमणे खाल्ले तो स्ट्रायकर त्यांनीही बक्षीस समारंभानंतर पाहिला नसावा. मला वाटलं, आज या माणसाचा दिवस आहे.

बाबांचे हात थरथरत होते, म्हणून त्यांनी पेन्सिलने दोन रेघा मारून घेतल्या त्याही माझ्याकडून. बरोबर मधोमध, व्यासावर, नटच्या उंचीएवढी पट्टी. माझ्या गिटारची मान बारीक म्हणून जमत होतं, नाहीतर स्ट्रायकरच पुरला नसता. मग हॅक्सॉची, म्हणजे धातू कापायच्या करवतीची, शिकवणी सुरू झाली. हॅक्सॉ असा धर. तसा नाही, असा. दाबू नको, तो स्वतः कापतो. खांदा खाली. मिलमध्ये असतीस तर पहिल्याच दिवशी घरी पाठवली असती. मी चार वेळा आखडले, तीनदा उलट उत्तर दिलं. तरी सांगते, इतकी वर्षं एका खोलीत काढली, पण बाबांनी मला काही शिकवलं असा तो पहिलाच दिवस, आणि मनात भीती असूनही मला छान वाटत होतं.

पहिल्या सहासात ओढींना काही नाही. मग वास आला.

लपण्यासारखा नव्हताच तो. कंगवा, बांगडी, बादलीचा कान, जे काही प्लास्टिकचं जळतं ते सगळं त्या गॅलरीत एकदम जळत होतं. लाटणंवाल्या काकूंनी पदर नाकाला लावला. कोणीतरी मागे हसलं आणि थांबलं. आई माझ्याकडे बघेना. मी मान खाली घालून हॅक्सॉ ओढत राहिले, कारण थांबले असते तर कोणीतरी बोललं असतं.

बाबांनी सगळ्यांचे चेहरे पाहिले. त्यांची ती सवयच होती, नाकाचं काम डोळ्यांनी करायची. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला थांबवलं.

"कसलो वास येता गो?" त्यांनी विचारलं. "खरा सांग."

मी तोंड उघडलं. खोटं बोलायला मला एरवी अडचण नसते, एचआरमध्ये काम करते मी. पण त्या क्षणी दातही आठवेना आणि डॉक्टरही.

अध्यक्ष कठडा सोडून पुढे आले. ते वाइसवर वाकले, डोळे मिटले आणि हापूसची पेटी घेताना घेतात तसा लांबलचक वास घेतला. मग सरळ झाले.

"दाताच्या डॉक्टरकडं येतो तो," ते म्हणाले. "गेल्याच महिन्यात माझी दाढ घासली. सेम हाच. हस्तिदंतच हाय."

झालं. मग काय, सगळ्यांना दात आठवले. काकू पदर काढून म्हणाल्या, अगदी, त्यांच्या अक्कलदाढेच्या वेळी हाच वास होता. एकाने रूट कॅनलचा वास सांगितला, दुसऱ्याने त्याला खोडून काढलं की रूट कॅनलचा वेगळा, हा कॅप बसवतानाचा. दहा मिनिटं गॅलरीत सगळ्यांच्या जबड्यांचा इतिहास निघाला. बाबा मान ताठ करून ऐकत होते. मग म्हणाले, "काप."

पट्टी निघाली आणि स्ट्रायकरच्या दोन फोडी उरल्या, लिंबाच्या असतात तशा. एक बाबांनी मखमली डबीत ठेवली. दुसरी हातात घोळवली आणि ज्याच्याशी ते एवढी वर्षं नीट बोलले नव्हते त्या माणसापुढे धरली. अध्यक्षांनी ती दोन्ही हातांनी घेतली, प्रसाद घेतात तशी, आणि शर्टाच्या खिशात टाकली.

पुढचे दोन दिवस घासणं चाललं. बाबांच्या बारीक कानशी, त्यांचं ओरडणं आणि माझी चिडचिड. खाचा पाडताना त्यांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं. त्यांचा हात थरथरत होता, पण माझा चुकीच्या दिशेला जायला लागला की घट्ट व्हायचा. पंचवीस तारखेला दुपारी नट बसवला, तारा चढवल्या, तिसरी तार मोकळी छेडली. साफ. घंटेचा ठोका विरावा तशी विरली. शेजारून लाटण्याचा आवाज आला, मी दचकले, तर काकू दारात उभ्या होत्या, पोळ्या लाटता लाटता तशाच आलेल्या. म्हणाल्या, बरं वाजतंय की आता, एवढी वर्षं असंच का नाही वाजवलंस.

कार्यक्रम ठीक झाला. भक्तिगीताला लोकांनी टाळ्यांचा ताल धरला, तो चुकीचा होता, पण मी सांभाळून घेतलं. देशभक्तीच्या गाण्याला पुढच्या रांगेतले उभे राहिले, मग मागच्यांना दिसेना म्हणून तेही उभे राहिले. "तुझं काय ते" मी छोटंच वाजवलं आणि कोणीतरी "आणखी एक" म्हणालं. एकच जण म्हणालं, पण म्हणालं. बाबा पहिल्या रांगेत बसून डावीकडच्याला आणि उजवीकडच्याला सांगत होते की हा जो आवाज येतोय ना, तो हत्तीचा आहे.

नंतर मी स्टेजच्या मागे वायर गुंडाळत होते तेव्हा अध्यक्ष द्रोणात शिरा घेऊन आले. त्यांनी मला शिरा दिला, खिशातून ती फोड काढली आणि नखाने खरवडत म्हणाले, "आता ही मी कुठं ठेवू? देव्हाऱ्यात?"

मी म्हटलं, काका, तुम्हाला वास कळला होता.

"कळायचं काय त्यात," ते म्हणाले. "दादरच्या दुकानातून आणला होता तो. साहेबांनी मलाच पाठवलं होतं, फायनलच्या आदल्या दिवशी. दोन आणले, एक जिंकणाऱ्याला, एक हरणाऱ्याला. माझा हाय की अजून घरात. डबीवर लिवलंय, न फुटणारं प्लास्टिक म्हणून."

मी शिरा बाजूला ठेवला. मग विचारलं की एवढी वर्षं बोलला का नाहीत. बाबांनी तुम्हाला दारात, बाजारात, मयताला गेल्यावरसुद्धा हरलेला म्हटलं. एका वाक्यात सगळं संपलं असतं.

"तुला नाही कळायचं," ते म्हणाले. "हस्तिदंताची फायनल हरलेला माणूस हाय मी. आमच्या गावाकडंही सगळ्यांना तेच ठाऊक हाय. प्लास्टिकची फायनल हरलो म्हटल्यावर माझ्याकडं काय राहतं?"

त्यांनी फोड परत खिशात टाकली, वरून बटण लावलं आणि खुर्च्या मोजायला निघून गेले.

घरी आले तर बाबा कॉटवर बसून डबी उघडझाप करत होते. त्यांना काही सांगायचं होतं आणि सुरुवात सापडत नव्हती, ते मला दिसत होतं. मी गिटार भिंतीला टेकवली, तोंड धुतलं, केस सोडले. मग एकदाचे म्हणाले, "नाक आसा हां अध्यक्षाक. इतक्या लोकांत येकान वळखल्यान. खेळाडू तो खेळाडू."

आई भाजी निवडता निवडता थांबली. बाबांच्या तोंडून अध्यक्ष हा शब्द आम्ही दोघी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"उद्या बोलव त्येका," बाबा म्हणाले. "बोर्ड काढ खाली. एक डाव होवंदे."

मी स्टुलावर चढले, चादरीत गुंडाळलेला बोर्ड कपाटावरून ओढला. एवढी धूळ पडली की मला शिंका आल्या, बाबांना काहीच झालं नाही. सोंगट्यांची पिशवी बोर्डाला बांधलेलीच होती. ती सोडून मोजली तर सगळ्या होत्या, स्ट्रायकर तेवढा नव्हता. मी वरूनच विचारलं, खेळणार कशाने, आपला तर कापला.

बाबांनी डबी बंद केली आणि उशीखाली सरकवली.

"असतलो त्येच्याकडे एखादो प्लास्टिकचो," ते म्हणाले. "चलवून घेवया."